लॉनमधलं तण: आधी नाव विचारा, मग खुरपं घ्या

एप्रिलमध्ये न्यू जर्सीहून आपल्या एका वाचक मुलीने लॉनचा फोटो पाठवला होता. गवतात हिरवीगार, नाजूक, जमिनीलगत पसरलेली वेल आणि तिच्यावर तांदळाच्या कणीएवढी पांढरी फुलं. 'हे काय आहे आणि कसं घालवू?' दुसरा फोटो गेल्या आठवड्यात सांबऱ्यातूनच आला. मुलाने बेंगळुरूहून पैसे पाठवून आईवडिलांच्या घरापुढे लॉन घालून घेतलं, पहिल्या पावसाळ्यातच त्याचं रान झालं. प्रश्न तोच. पहिल्या फोटोला तेव्हाच दोन ओळींत उत्तर दिलं होतं, पण सविस्तर लिहायला श्रावणाची वाट पाहिली. कारण दोन्हीकडे खरं काम सुरू करायचं ते आताच. चवथीला घरी येणारेही बरेच जण असतील, त्यांच्या हाताला काम मिळेल.

आमच्याकडे तण काढण्याला भांगलण म्हणतात. पुण्याकडचे खुरपणी म्हणतील, विदर्भातले निंदणी. भांगलायला येणाऱ्या बायका पात धरून पुढे सरकताना कोणत्या रोपाला खुरपं लावायचं, कोणतं नुसतं उपटायचं आणि कोणतं पदराच्या ओच्यात संध्याकाळच्या भाजीला ठेवायचं, हे हात न थांबवता ठरवतात. सगळं शास्त्र तेवढंच आहे. तण वाढतं कशावर, बियांवर, पेरांवर की जमिनीखालच्या गाठीवर, हे कळलं की ते कधी आणि कसं काढायचं हे आपोआप ठरतं. ते न कळता नुसता पंप पाठीला लावला, तर पैसे जातात आणि तण राहतं.

आधी न्यू जर्सीचं. ती वेल म्हणजे चिकवीड. कोंबड्या आवडीने टिपतात म्हणून इंग्रजांनी दिलेलं नाव. ती मूळची युरोपातली आणि थंडीची लाडकी. आपल्या देशात हिमालयाकडे, उत्तरेच्या मैदानात हिवाळ्यात आणि निलगिरीच्या थंड डोंगरांवर ती दिसते, आमच्याकडच्या अंगणात सहसा नाही. त्यामुळे आजीला फोटो दाखवून नाव विचारलंत तर ती सांगू शकणार नाही. तिची खूण मात्र एकदा पाहिली की विसरत नाही. पानं समोरासमोर, लहान, टोकदार अंडाकृती. फूल पाच पाकळ्यांचं, पण प्रत्येक पाकळी इतकी खोल चिरलेली की दहा वाटाव्यात. आणि देठ उजेडात धरून पाहा: त्यावर बारीक केसांची एकच रांग असते आणि पेर आलं की ती रांग बाजू बदलते. दुसऱ्या तणात असं सहसा पाहायला मिळत नाही. रात्री तिची वरची पानं कोवळ्या शेंड्याभोवती मिटतात, मुलांना टॉर्च घेऊन दाखवण्यासारखं आहे.

ही वेल खातातही. कोवळे शेंडे कोशिंबिरीत चालतात. पण खाण्याआधी देठ मोडून पाहायचा. पांढरा चीक आला तर ती चिकवीड नव्हे. देठ चौकोनी असेल, केसांची रांग नसेल आणि पानाच्या खालच्या बाजूला काळे ठिपके असतील तर तीही नव्हे. ती बहुधा पिंपर्नेल, आणि ती विषारी आहे. शिवाय ज्या लॉनवर औषध मारलेलं असेल तिथलं काहीच खाऊ नये.

हीच परीक्षा आपल्याकडे घोळ आणि दुधीला लागते. भाजीवाला दुधी भोपळा नव्हे, जमिनीलगत वाढणारी चिकाची दुधी. आषाढात फरशीच्या फटीतून घोळ येते: जाड तांबूस देठ, गुबगुबीत पानं, चव आंबूस. तिच्या शेजारीच दुधी असते, लांबून तशीच वाटते. मोडली की दुधी चीक सोडते, घोळीत नुसतं पाणी निघतं. चीक दिसला की हात धुऊन टाकायचे आणि डोळ्यांना लावायचे नाहीत, एवढं घरातल्या लहानग्यांना सांगून ठेवा. घोळीची दुसरी खोड म्हणजे उपटून तिथेच टाकली तर मरत नाही. ओलसर मातीवर पडल्या पडल्या पुन्हा मूळ धरते, आणि फुलावर असेल तर तशीच पडून बीही पिकवते. तिला टोपलीत भरून आत न्यायचं, डाळ घालून भाजी करायची. तणाचा याहून चांगला बंदोबस्त मला माहीत नाही.

आता सांबऱ्याच्या फोटोकडे. गेल्या काही वर्षांत निलजी, मुतगा, सांबरा, बाळेकुंद्री या रस्त्याला नवी घरं उठली आणि शेणाने सारवलेल्या अंगणाच्या जागी पेव्हर आणि लॉन आलं. लॉनवर माझा राग नाही. पण एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडचं सगळ्यात चिवट आणि स्वस्त लॉन म्हणजे हरळी, गणपतीला एकवीस जुड्या वाहतो त्याच दूर्वा, कन्नडमध्ये गरिके. आणि वडिलांच्या पिढीने शेतातून हीच हरळी काढायला उन्हाळे घालवले. नांगरट करायची, ढेकळं उन्हात तापू द्यायची, काशा वेचून बांधावर टाकायच्या. आज नर्सरीवाला तीच हरळी चौरस फुटाच्या भावाने घरपोच आणतो. तण म्हणजे वाईट झाड नव्हे, नको तिथे उगवलेलं झाड, हे हरळीइतकं स्वच्छ कुणीच शिकवत नाही.

फोटोतल्या लॉनमध्ये मला चार पाहुणे दिसले. पहिली आंबुशी. मुलगा तिला क्लोव्हर समजत होता. तीन पानं दोन्हीला असतात, पण आंबुशीची पानं बदामी, टोकाशी खाच असलेली, आणि फूल पिवळं. चावलं तर आंबट. लहानपणी शाळेच्या वाटेवर हिचा पाला चघळला नाही असा आमच्या वयाचा माणूस विरळा. हिची शेंग पिकली की हात लावताच फुटते आणि बिया लांब उडतात. देठाचं प्रत्येक पेर मातीला टेकलं की मूळ धरतं. म्हणून वरून ओढून उपयोग नाही. पाऊस पडून गेल्यावर, माती भिजलेली असताना, खुरप्याच्या टोकाने मधलं मूळ मोकळं करून सगळी जाळी एकत्र उचलायची, आणि शेंगा यायच्या आत.

दुसरा केना. निळं फूल, दोन पाकळ्या उठून दिसतात. पाऊस झाला की देठ भराभर पसरतात. केन्याच्या पानांची भजी खाल्लेले लोक त्याला शिव्या देत नाहीत. पण लॉनमध्ये त्याचं एक गुपित माहीत हवं. वर निळी फुलं येतात तशी जमिनीखाली पांढऱ्या धुमाऱ्यांवर न उमलणारी फुलंही येतात आणि त्यांत बी धरतं. वरचा पाला कापत बसलात तर खालचं बियाणं तसंच पुढच्या मृगाची वाट पाहत राहतं. पांढरे धुमारे दिसेपर्यंत उकरलं तरच केना काढला असं म्हणायचं.

तिसरा सगळ्यात वाईट, लव्हाळा. त्या मुलाच्या आईने फोनवर सांगितलं की लॉनमध्ये एक गवत बाकीच्यापेक्षा छान हिरवं आहे, कापल्यावर तीन दिवसांत बोटभर वर येतं. ऐकूनच कळलं. खात्री करायची तर फुलाचा दांडा दोन बोटांत फिरवा. गवताचा गोल किंवा चपटा लागतो, लव्हाळ्याच्या दांड्याला तीन कडा लागतात. जमिनीखाली त्याच्या काळ्या गाठी एकीला एक जोडून माळेसारख्या असतात. दिवाळीच्या उटण्यात घालतात तो सुवासिक नागरमोथा याच घराण्यातला. माळेतली पुढची गाठ वाढत असेपर्यंत मागच्या बऱ्याचशा झोपलेल्या असतात. पाला ओढला की माळ तुटते आणि झोपलेल्या गाठी जाग्या होतात. म्हणूनच लोक म्हणतात, एक काढला की चार येतात. रोटर फिरवणं हा तर त्याला घरोघर पोचवण्याचा मार्ग.

मग करायचं काय? गाठींमधला साठा संपवायचा. दर पंधरा-वीस दिवसांनी, नव्या कोंबाला पाच-सहा पानं फुटायच्या आत, खुरप्याने खोल जाऊन गाठीसकट काढायचं. सगळ्या निघत नाहीत, पण राहिलेल्या गाठीला दर वेळी स्वतःच्या पोटातलं खर्चून कोंब काढावा लागतो. एक पावसाळा आणि पुढचा उन्हाळा नेटाने केलं तर फरक दिसतो. सावली त्याला सोसत नाही, म्हणून हरळी दाट असेल तिथे तो दबतो. आणि मुळात तो आला कुठून हेही पाहा. बहुतेक वेळा लॉनच्या लाद्यांतून, नर्सरीच्या कुंडीतल्या मातीतून किंवा अर्धवट कुजलेल्या शेणखतातून. लाद्या उतरवून घेताना उलट्या करून पाहायला कुणीही हरकत घेत नाही. काळ्या गाठी दिसल्या तर गाडी परत पाठवायची. शेणखत हातात घेतल्यावर शेणाचा वास येत असेल तर ते अजून कच्चं आहे. ढीग आतून चांगला तापून, कुजून, मातीसारखा झालेलाच घ्यायचा. त्या उष्णतेत तणाचं बी मरतं.

नवीन लॉन घालायचं असेल तर उन्हाळा वाया घालवू नका. एप्रिल-मे महिन्यात जागा सपाट करून, पाणी मारून, पारदर्शक प्लॅस्टिक कडेने मातीत दाबून चार ते सहा आठवडे अंथरायचं. काळं नव्हे, पारदर्शक, कारण ऊन आत जायला हवं. वरच्या थरातलं बरंचसं बी त्या उन्हात शिजतं. लव्हाळ्याच्या खोल गाठी त्याला पुरून उरतात, पण बाकीचं तण निम्म्यावर येतं. नंतर वळवाने किंवा पाइपने जमीन भिजवून उरलेलं तण उगवू द्यायचं, हलक्या हाताने खरवडून काढायचं आणि मगच हरळी लावायची.

चौथा पाहुणा अजून लॉनमध्ये नव्हता, कुंपणापलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर होता. फोटोच्या कडेला दिसला आणि या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. गाजर गवत. आमच्याकडे काँग्रेस म्हणतात. पांढऱ्या टोपीसारखी फुलं म्हणून, की काँग्रेसच्या राज्यात परदेशी गव्हातून आलं म्हणून, हा वाद पारावर सोडून देऊ. पुण्यात १९५५ च्या सुमारास त्याची नोंद झाली आणि पुढच्या काही दशकांत ते देशभर पसरलं. एक झाड हजारोंनी बी टाकतं आणि ओल मिळाली तर वर्षात तीन-चार पिढ्या उरकतं. कोवळं असताना ते जमिनीला चिकटून पानांचं चक्र धरतं, गाजराच्या पाल्यासारखं. लोक तेव्हा दुर्लक्ष करतात आणि कमरेएवढं होऊन फुललं की हात घालतात. नेमकी उलटी वेळ.

घरात वयस्कर माणसं असतील तर हे नीट वाचा. या झाडाने अंगाला येणारी खाज साधी नसते. पापण्या, मान, कोपराची आतली बाजू, गुडघ्यामागची घडी, अशा जागी कातडी लाल होते, जाड होते, उन्हात गेलं की वाढते. झाडाला हात न लावताही होते, कारण वाळलेल्या झाडाचा चुरा हवेतून येतो. काहींना शिंका आणि दमही लागतो. वडील वर्षानुवर्षं मलम लावत असतील आणि पावसाळ्यात त्रास वाढत असेल, तर कुंपणापलीकडे काय वाढलंय ते पाहा आणि त्वचेच्या डॉक्टरांना या गवताबद्दल आवर्जून सांगा. जनावरांनी ते खाल्लं तर दुधाला कडवटपणा येतो. वाळवून पेटवू नका, धूर आणि चुरा दोन्ही अंगावर येतात.

काढायचं ते फुलोऱ्याआधी, ओल्या मातीत, हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला फडकं बांधून, मुळासकट. फूल नसेल तर खड्ड्यात घालून चांगलं खत होतं. ज्यांना आधीच या गवताची बाधा आहे त्यांनी हे काम अजिबात करू नये, दुसऱ्याला सांगावं. जबलपूरला तणांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तिच्या पुढाकाराने दर वर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा आठवडा गाजर गवताच्या जागृतीसाठी पाळला जातो. तारखा सोयीच्या आहेत, गल्लीतल्या दहा घरांनी एक रविवार धरला तर रिकामे प्लॉट साफ होतात. एकट्याने आपलं अंगण साफ करून उपयोग नाही, बी वाऱ्यावर आणि पाण्यावर येतं.

त्या दिवशी झाडांवर एक भुंगेरा दिसेल, मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी पट्टे. त्याला मारू नका. १९८३ मध्ये मेक्सिकोहून तो बेंगळुरूला आणला, तपासला आणि नंतर मोकळा सोडला. तो आणि त्याच्या अळ्या पावसाळ्यात गाजर गवताची पानं फस्त करतात, थंडीत मातीत जाऊन झोपतात. जिथे तो आहे तिथून चार-पाचशे भुंगेरे डबीत भरून नसलेल्या जागी नेऊन सोडणं हे मुलांना आवडण्यासारखं काम आहे. आणि साफ झालेल्या प्लॉटवर टाकळ्याचं बी फेकून द्या. टाकळा दाट उगवतो आणि काँग्रेसला डोकं वर काढू देत नाही. वर पुढच्या पावसाच्या सुरुवातीला कोवळ्या टाकळ्याची भाजी फुकट.

औषधांचं थोडक्यात पण स्पष्ट सांगते. दुकानदार 'तणनाशक' म्हणून जे देईल ते एकच नसतं. टू-फोर-डी रुंद पानांच्या तणाला मारतं, गवताला सोडतं, म्हणून हरळीत चालतं. पण त्याचे तुषार वाऱ्याने गेले तर शेजारची मिरची, टोमॅटो वाकडी होतात. निपाणीकडे तर तंबाखूच्या शेजारी ते मारणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. लव्हाळा त्याने हटत नाही. ग्लायफोसेट सगळंच मारतं, लॉनसकट. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांनीच वापरावं अशी अधिसूचना काढली. आजोबांनी स्वतः पंप पाठीला लावण्याचं ते काम नव्हे. लव्हाळ्यावर चालणारं हॅलोसल्फ्युरॉन आपल्याकडे उसासाठी मिळतं. अंगणात वापरण्याआधी कृषी खात्याच्या माणसाला विचारा. आणि पॅराक्वाट घरात आणूच नका. ते वरचा पाला करपवतं, मुळाला काही करत नाही, आणि पोटात गेलं तर त्याच्यावर उतारा नाही. कोणतंही औषध थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवू नये, कपाटात नाही, गोठ्यात नाही, एका दिवसापुरतंही नाही. मिठाचं पाणी मारून गाजर गवत जळतं हे खरं, पण अंगणात ते करू नका, माती बिघडते आणि मग तिथे हरळीही धरत नाही.

दीडशे-दोनशे चौरस फुटांच्या लॉनला खरं तर औषध लागतच नाही. आठवड्याला अर्धा तास, एक खुरपं आणि बसायला पाट. हरळी इंच-दीड इंचाहून खाली कापू नका. फार खाली कापली की माती उघडी पडते, ऊन लागतं आणि तणाचं बी जागं होतं. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त कापायचं नाही. पाणी रोज शिंपडण्यापेक्षा चार दिवसांनी भरपूर द्या. वरचेवर ओली राहणारी माती आंबुशीला आणि लव्हाळ्याला आवडते.

आता पुन्हा न्यू जर्सी, टोरांटो आणि तिकडच्या सगळ्यांसाठी. चिकवीडचं बी वसंतात नव्हे, शरदात उगवतं. थंडीत बर्फाखाली टिकून राहतं, मार्च-एप्रिलमध्ये फुलतं, बी टाकतं आणि कडक उन्हाळा आला की मरून जातं. म्हणजे एप्रिलमध्ये दिसली तेव्हा ती जायच्याच बेतात असते. त्या वेळी बी धरायच्या आत हाताने ओढून काढावी. मुळं उथळ असतात, सहज निघतात, फक्त पेरांना फुटलेली मुळं मागे राहू देऊ नका. औषध मारायचं तर ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, बी उगवण्याआधी. ओंटारियोत राहणाऱ्यांनी आधी नियम पाहावेत. तिथे २००९ पासून केवळ शोभेसाठी लॉनवर बहुतेक रासायनिक औषधं मारायला बंदी आहे.

इथे एक अडचण येते, ती आधीच सांगून ठेवते. उगवण रोखणारं ते औषध तण आणि गवत यांत भेद करत नाही. सप्टेंबर हाच तिकडे गवताचं नवीन बी टाकायचा महिना. दोन्ही एकदम करता येत नाही. माझं मत विचाराल तर औषध सोडा, बी टाका. चिकवीड जिथे येते ती जागा सावलीची, ओलसर, पायाखाली दबलेली आणि गवत विरळ झालेली असते. झाडाच्या खालच्या एक-दोन फांद्या छाटून ऊन आत येऊ द्या, दबलेली माती काट्याने भोकं पाडून मोकळी करा, सावलीत टिकणारं फेस्क्यू पेरा. पहिले दोन-तीन आठवडे वरची माती वाळू देऊ नका, नंतर पाणी कमी करा. गवत चार इंच झालं की पहिली कापणी, आणि यंत्र तीन इंचांवर लावून ठेवा. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच कोपऱ्याचा फोटो पाठवा.